बारी : समोर बसून ऐकण्याच्या गाण्याची गोष्ट

सोलापूरला समुद्र नाही. किनाऱ्यावरचा छोटा बार, कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेला गायक आणि चार टेबलांवरची माणसे हे चित्र गोव्याचे. त्या चित्रातून वाळू आणि लाटा वजा केल्या, तर उरणारी गोष्ट मात्र सोलापूर जिल्ह्याला परकी नाही. लहानशी जागा, हाताच्या अंतरावर गाणारी व्यक्ती, ऐकणाऱ्याने सांगितलेले गाणे आणि त्या गाण्याची बिदागी तिथल्या तिथे, अशी ती व्यवस्था आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या मोडनिंबचे नाव लावणीच्या जाणकारांत घेतले जाते ते याच व्यवस्थेमुळे. तिला संगीत बारी म्हणतात.

संगीत बारीबद्दल बोलणारे बहुधा दोन टोकांना असतात. काहींच्या मते ती अस्सल परंपरा, तर काहींच्या मते परंपरेच्या नावाखाली चाललेला धंदा. ती प्रत्यक्षात चालते कशी, पैसा कुठून कुठे जातो, कायदा तिला कोणत्या खणात बसवतो, हे प्रश्न दोन्ही बाजूंना फारसे पडत नाहीत. या लेखात त्यांचीच मांडणी करायची आहे.

शब्द आणि प्रकार

बारी म्हणजे पाळी. पंढरपुरात विठ्ठलाच्या रांगेला आजही दर्शनबारी म्हणतात. तळकोकणात दोन भजनीबुवा आळीपाळीने गाऊन एकमेकांना जाब देतात, त्या सामन्याला डबलबारी म्हणतात. संगीत बारीतली बारी याच घराण्यातली. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि प्रत्येकीला रंगमंचावर आपली पाळी मिळते, म्हणून ती बारी.

तमाशाचे दोन मोठे प्रकार सांगितले जातात. ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असतो. फड गावोगाव हिंडतो, तंबू ठोकतो, जत्रांच्या हंगामावर जगतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव या फडाच्या परंपरेतले. त्यांचा जन्म १९३५चा आणि तोही पंढरपूरचा. संगीत बारीत वग नसतो, सोंगाड्याही नसतो. तिथे गाणे, नाच आणि अदा एवढेच. फड हिंडता असतो. बारीतली पार्टी एका थिएटरात महिनोन्‌महिने राहते आणि प्रेक्षक तिच्याकडे येतो. पुण्याचे आर्यभूषण, मुंबईत लालबागचे हनुमान थिएटर ही या प्रकारची शहरी ठिकाणे. आता अशा जागांना कला केंद्र म्हणण्याचा प्रघात आहे.

हा जिल्हाच का?

लावणीचे सोलापूरशी नाते जुने आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर राम जोशी सोलापूरचे. वेदशास्त्राच्या घरातला हा मुलगा तमाशाच्या नादी लागला, घराबाहेर पडला, पंढरपुरास जाऊन शिकला आणि पुन्हा डफ-तुणतुण्याकडे वळला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. त्याच्यावरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट १९४७ साली आला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या त्या चित्रपटाने, तमाशाच्या तंबूकडे कधी न फिरकलेल्या मध्यमवर्गाला लावणी ऐकायला लावली. त्याच सुमारास मुंबई प्रांताच्या सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठवली. पडद्यावर टाळ्या आणि तंबूवर बंदी हा विरोधाभास तेव्हापासूनचा आहे.

राम जोशींचा समकालीन होनाजी याने ढोलकीऐवजी तबला घेतला आणि रागदारीच्या अंगाने जाणारी बैठकीची लावणी रूढ केली, असे मानले जाते. या बैठकीच्या लावणीचे विसाव्या शतकातले मोठे केंद्र पंढरपूर. सत्यभामाबाई पंढरपूरकर यांची अदाकारी आजही प्रमाण मानतात. रुक्मिणीमातेच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातले ज्ञानोबा उत्पात लावणीकार म्हणून प्रसिद्ध होते, आणि रंगपंचमीच्या दिवसांत उत्पात मंडळींनी लावणीच्या बैठका भरवण्याची प्रथा पंढरपुरात आहे. ज्या गावात अभंग आहे त्याच गावात लावणीही नांदली, आणि दोन्हींना ऐकणारी माणसे पुष्कळदा तीच होती.

मोडनिंबचे स्थान समजायला नकाशा पुरेसा आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी धावू लागली आणि १९०६मध्ये पंढरपूरपर्यंत पोचली. मोडनिंब या वाटेवर आहे. पुण्याहून सोलापूरला जाणारा रस्ताही इथूनच जातो. बार्शीची पेठ, पंढरीची वारी आणि सोलापूरच्या गिरण्या यांच्या मधोमध हे गाव आहे. सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ची, म्हणजे रोख मजुरी हाती असलेला श्रोता जिल्ह्यात तेव्हापासूनचा. उजनी धरण १९८०मध्ये पुरे झाले आणि ऊस वाढला, तसा बागाईतदारही श्रोत्यांत आला. लावणीचा आश्रयदाता सरदारापासून व्यापाऱ्याकडे आणि तिथून ऊसवाल्याकडे कसा सरकला, हे या एका जिल्ह्यात पाहता येते.

एका रात्रीचा हिशोब

पार्टी म्हणजे साधारण आठ-दहा स्त्रिया आणि तीन-चार वाजवणारे. पार्टीची प्रमुख मालकीण. बहुधा तीच ज्येष्ठ गायिका असते आणि पार्टी तिच्या नावाने ओळखली जाते. नावापुढे गाव लागते, म्हणून वाईकर, नगरकर, सातारकर. पेटी, तबला आणि ढोलकी वाजवणारे बहुतेक पुरुष असतात. थिएटरच्या आवारातच पार्टीला राहायला खोल्या असतात.

रात्रीचे दोन भाग पडतात. पहिला तिकिटाचा. पार्ट्या पाळीपाळीने रंगमंचावर येतात, दोन-तीन गाणी करतात आणि उतरतात. हा एका अर्थाने नमुना दाखवण्याचा भाग. दुसरा बैठकीचा. एखाद्या श्रोत्याला पार्टी आवडली तर तो वेळ ठरवून खोलीत बैठक लावतो. तिथे सतरंजी, लोड, वाजवणारे आणि गाणाऱ्या. श्रोता फर्माईश करतो, गाणे आवडले तर नोट पुढे करतो, आणि ती कोणाकडून आली हे नाव घेऊन सांगितले जाते. हीच दौलतजादा.

या पैशातून थिएटरमालकाचा वाटा निघतो. उरलेल्यात मालकीण, नाचणाऱ्या मुली आणि वाजवणारे वाटेकरी असतात. थिएटरमालकाकडून किंवा मालकिणीकडून आगाऊ रक्कम उचलण्याची पद्धत आहे. तिला ऊसतोड मजुरांप्रमाणेच उचल म्हणतात आणि तिचे ओझेही तसेच असते. उचल फिटेपर्यंत ठिकाण सोडता येत नाही.

बारीतल्या स्त्रिया प्रामुख्याने कोल्हाटी आणि तिच्यासारख्या इतर कलावंत जमातींतल्या. घर चालते ते पायांत चाळ बांधणाऱ्या मुलीच्या कमाईवर. तिने लग्न करायचे नाही असा दंडक होता. त्या दंडकाची किंमत काय असते, हे किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४च्या आत्मकथनात लिहिले. करमाळा तालुक्यातल्या कोल्हाटी घरात वाढून डॉक्टर झालेल्या या लेखकाने आपल्या नावात आईचे नाव लावले. बारीचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी वाचावे असे मला वाटते. गाणे कितीही उंच असले तरी ते कोणाच्या पाठीवर उभे होते, हे त्यानंतर विसरता येत नाही.

गाणे समोर का लागते?

ढोलकीच्या एका तोंडाला बाहेरून शाई असते. ती पुडी पेटीच्या सुरात चढवून लावतात. दुसऱ्या तोंडाला आतून मसाला असतो, त्याचा घुमारा खर्जात बसतो. चाळ आणि ढोलकी यांचा संवाद ठरवून पाठ केलेला नसतो. नाचणारी पायाने एक बोल टाकते, ढोलकीवाला तो उचलतो, वाढवतो आणि तिहाईवर दोघे समेला येतात. ती दमली आहे की रंगात आली आहे, हे ढोलकीवाल्याला तिच्या पायावरून कळते आणि लय त्याप्रमाणे सरकते.

बैठकीच्या लावणीत तर नाचही नसतो. गाणारी बसलेली असते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा त्या ओळीत रुसवा असतो, दुसऱ्यांदा थट्टा, तिसऱ्यांदा काकुळती. शब्द तेच राहतात. डोळे, मान आणि हात अर्थ बदलतात. पिलू, खमाज, भैरवी अशा रागांची छाया सुरावटीत असते. किती वेळा ओळ घ्यायची हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ठरते, म्हणून ही अदा शंभर फुटांवरून दिसत नाही आणि ध्वनिमुद्रित गाण्यावर करताही येत नाही. मुद्रित गाणे थांबत नाही, वाट पाहत नाही.

अलीकडे काही केंद्रांत पेटी-ढोलकीच्या जागी ध्वनिमुद्रित गाणी आणि मोठे कर्णे आले आहेत. कारण उघड आहे. वाजवणाऱ्यांचा वाटा वाचतो आणि तरुण गिऱ्हाईक चित्रपटातले गाणे मागते. पण यात फक्त ढोलकीवाल्याचे काम जाते असे नाही. गाण्यावरचा स्त्रीचा ताबाही जातो. पेटी-तबल्यासमोर ती कलावंत असते, ओळ कुठे थांबवायची हे ती ठरवते. कर्ण्यासमोर ती केवळ नाचणारी उरते.

बार आणि बारी

कायद्याने या दोन शब्दांमध्ये रेघ ओढली ती २००५ साली. मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ हे कलम घालून राज्याने खाद्यगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांतल्या नृत्यावर बंदी आणली. लगतच्या ३३-ब कलमाने नाट्यगृहे, सभागृहे, जिमखाने आणि तीन किंवा अधिक तारांकित हॉटेले वगळली. म्हणजे तेच गाणे आणि तोच नाच मोठ्या हॉटेलात चालेल, साध्या बारमध्ये चालणार नाही. बारमध्ये वाद्यवृंद आणि उभे राहून गाणारी गायिका मात्र चालेल; त्यातून ऑर्केस्ट्रा बार ही जात पुढे आली.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. बंदीमुळे ७५,०००हून अधिक स्त्रियांचे काम गेल्याची नोंद त्या निकालात आहे. राज्याने २०१४मध्ये पुन्हा दुरुस्ती केली, २०१६मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि १७ जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अनेक अटी रद्द ठरवल्या. नोटा उधळायच्या नाहीत, पण बक्षिसी देता येईल, असे त्या निकालाने ठरवले. बारीतल्या जाणत्या मालकिणीला हा फरक न्यायालयाने सांगायची गरज नव्हती. नोट अंगावर फेकणाऱ्याला आणि मान देऊन पुढे करणाऱ्याला ती आधीपासून वेगळे ओळखते.

बारी थिएटरच्या परवान्यावर चालते, म्हणून ती या बंदीतून सुटली. पण दोन जगांतल्या स्त्रिया वेगळ्या नव्हत्या. मुंबईच्या बारमध्ये नाचणाऱ्यांत परंपरेने नाचगाणे करणाऱ्या जमातींतल्या मुली होत्या, कोल्हाट्यांच्याही होत्या. बारीत रियाज लागतो, मालकीण लागते, वर्षे लागतात. बारमध्ये पैसा लवकर दिसे. बार बंद झाले तेव्हा त्यांच्यापैकी काहींना परतायला बारी होती, पण गाणे हातून सुटलेले होते.

पणाला काय आहे?

बारीला प्रतिष्ठा देण्याचे प्रयत्न झाले आहेत. माळशिरस तालुक्यात अकलूजची राज्यस्तरीय लावणी स्पर्धा १९९०च्या दशकात सुरू झाली आणि तिथे पार्ट्या आपापल्या वाद्यवृंदासह उतरल्या. घरातल्या बायका-मुलींनी खुर्चीवर बसून लावणी पाहावी, हे त्या मांडवात घडले. भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकाने आणि सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या रंगमंचीय प्रयोगांनी या स्त्रियांना त्यांच्या आवाजात बोलू दिले.

तरीही बारीतल्या माणसाचे म्हातारपण जिथल्या तिथेच आहे. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे आणि आता तिची रक्कम महिना ५,००० रुपये आहे. पण तिथे कलासेवेचा पुरावा द्यावा लागतो. नाटकातल्या नटाकडे जाहिराती असतात, कीर्तनकाराकडे पत्रिका असतात. बंद खोलीतल्या बैठकीत चाळीस वर्षे ढोलकी वाजवलेल्या माणसाने कात्रण कुठून आणायचे? मालकिणीच्या वहीत त्याचे नाव असते, पण ती वही कार्यालयात पुरावा ठरत नाही.

बारी टिकावी की नाही, याचे उत्तर बाहेरून देण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. मुलींनी चाळ बांधू नयेत, शिकावे, असे बारीतल्याच कितीतरी आया म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे कलेच्या प्रेमापोटी खोडून काढता येणार नाही. पण जी स्त्री आज पेटीसमोर बसून गाते, तिला गायिका म्हणून नोंद मिळावी, उचलीचा कागद व्हावा, साथीदाराच्या वर्षांचा हिशोब लिहिला जावा, एवढे मागायला परंपरेचा अभिमान लागत नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असते की उशीर होईल, पण आपली पाळी येणार. संगीत बारीतल्या कलावंताला ही खात्री अजून कोणी दिलेली नाही.