प्रभाग-वार्तापत्र (ब्रिटन)

प्रभाग-वार्तापत्र म्हणजे ब्रिटनमधील स्थानिक परिषदेचा सदस्य, किंवा त्या जागेसाठी इच्छुक असलेला कार्यकर्ता, आपल्या प्रभागातील घरोघरी वाटतो ते छोटे पत्रक होय. महाराष्ट्रातील नगरसेवकाच्या कार्यअहवालाशी त्याचे साम्य आहे. मात्र ते पाच वर्षांतून एकदा नव्हे, तर वर्षभर ठरावीक काळाने निघते. रस्त्यांतील खड्डे, बंद पडलेले दिवे, बससेवा, ग्रंथालयाच्या वेळा, नव्या बांधकामांना परवानगी असे विषय त्यात असतात. वृत्त आणि प्रचार यांची सीमारेषा येथे पुसट असल्यामुळे या पत्रकांभोवती बराच कायदा आणि बराच वादही निर्माण झाला आहे.

इतिहास

या पद्धतीला आजचे रूप मुख्यतः लिबरल पक्षाने दिले. १९६०च्या दशकात लिव्हरपूल शहरात सिरिल कार व ट्रेव्हर जोन्स यांनी गल्लीबोळांतील गाऱ्हाण्यांना केंद्रस्थानी ठेवून पत्रके वाटण्यास प्रारंभ केला. ‘फोकस’ हे अशा पत्रकांचे नाव पुढे देशभर रूढ झाले. १९७० साली ईस्टबोर्न येथील अधिवेशनात पक्षाने ‘सामुदायिक राजकारणा’चा ठराव स्वीकारला. लोकांनी आपल्या परिसराचे निर्णय स्वतः घ्यावेत आणि पक्षाने त्यांना त्यासाठी संघटित करावे, हे त्याचे सूत्र होते. १९७३च्या निवडणुकीत लिबरल पक्ष लिव्हरपूल परिषदेतील सर्वांत मोठा पक्ष ठरला. त्यानंतर इतर पक्षांनीही हे तंत्र उचलले.

स्वरूप

पत्रकात सदस्याचे छायाचित्र, संपर्काचा पत्ता, पाठपुराव्याची हकीकत आणि बहुधा तक्रार लिहून परत पाठवण्याचा तुकडा असतो. त्यातून प्रभागातील प्रश्न सदस्याला कळतात; त्याचबरोबर कोणते घर कोणत्या प्रश्नाने अस्वस्थ आहे, याची नोंद पक्षाकडे जमा होते. संसदेच्या उमेदवाराला मतदारांपर्यंत एक पत्रक विनामूल्य टपालाने पाठवता येते. परिषदेच्या सामान्य उमेदवाराला ही सवलत नाही. म्हणून वाटपाचा भार दारोदार फिरणाऱ्या स्वयंसेवकांवर असतो.

वर्षभराच्या वाटपामागे आणखी एक कारण आहे. उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे. परंतु तिची मोजणी त्याची उमेदवारी कायद्याच्या दृष्टीने सुरू झाल्यानंतरच होते. त्यापूर्वी वाटून संपलेली पत्रके त्या हिशेबात धरली जात नाहीत.

कायदेशीर चौकट

यातील मूळ भेद पैसा कोणाचा, हा आहे. १९८६च्या स्थानिक शासन कायद्यानुसार परिषदेला सार्वजनिक निधीतून एखाद्या राजकीय पक्षाला पाठिंबा मिळवून देण्याच्या हेतूचे साहित्य प्रसिद्ध करता येत नाही. इंग्लंडसाठी २०११ साली केलेल्या संहितेनुसार परिषदेने स्वतःचे वार्तापत्र तीन महिन्यांतून एकदाच काढणे अपेक्षित आहे. करदात्यांच्या पैशावर चालणारी अशी प्रकाशने स्वतंत्र स्थानिक वृत्तपत्रांच्या मुळावर येतात, हा त्यामागचा एक आक्षेप होता. लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स परिषदेचे ‘ईस्ट एंड लाइफ’ हे साप्ताहिक दीर्घ वादानंतर २०१६ मध्ये बंद झाले.

निवडणुकीची सूचना निघाल्यापासून मतदानापर्यंत परिषदेने प्रसिद्धीबाबत विशेष संयम पाळावा लागतो. या कालावधीला इंग्रजीत ‘पर्दा’ म्हणतात. हा शब्द हिंदुस्थानातूनच तिकडे गेला आहे. हे बंधन परिषदेच्या यंत्रणेवर व साधनांवर असते. सदस्य स्वतःच्या किंवा पक्षाच्या खर्चाने प्रचार करू शकतो. मात्र १९८३च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार छापील प्रचारसाहित्यावर मुद्रकाचे व ते प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव आणि पत्ता देणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२३पासून डिजिटल प्रचारसाहित्यालाही असाच नियम लागू झाला.

टीका आणि महत्त्व

प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी निवडणूककाळात खोटे विधान करणे हा याच कायद्याने गुन्हा ठरतो. २०१०च्या संसदीय निवडणुकीतील पत्रकांमुळे लेबर पक्षाचे फिल वूलस यांची निवड निवडणूक न्यायालयाने रद्द केली. त्यांचे मताधिक्य १०३ होते. परंतु राजकीय अतिशयोक्तीला हा नियम लागू होत नाही. सर्वांच्या प्रयत्नांनी झालेल्या कामाचे श्रेय एकट्याने घेणे, स्तंभालेखातील उंची सोयीनुसार कमी-अधिक दाखवून लढत दुरंगीच असल्याचे भासवणे, पत्रकाला स्थानिक वृत्तपत्राचे रूप देणे, हे आक्षेप वारंवार घेतले जातात.

इंग्लंडमधील परिषदांच्या निवडणुकांत अनेकदा साधारण एक-तृतीयांश मतदारच मतदान करतात आणि काही जागांचा निकाल मोजक्या मतांनी लागतो. अनेक गावांत स्थानिक वृत्तपत्र उरलेले नाही. तेथे परिषदेत काय चालले आहे हे सांगणारा कागद म्हणून हे पत्रकच दारात येते, आणि तो कागद मत मागणाऱ्यानेच लिहिलेला असतो. तो कोणाच्या पैशाने निघाला हे ओळखण्याची सोय कायद्याने केली आहे. त्यातील दावे परिषदेच्या इतिवृत्तांशी ताडून पाहणे मात्र मतदारावरच सोपवलेले आहे.