जर्मनीत इंजिनीअरिंग: फी कमी, तयारी जास्त

लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी मुलामुलींनो, जर्मनीत मास्टर्स करायचंय? मग हे नक्की वाचा.

🔹 बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला दर सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी सुरू केलीय.

🔹 व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्यात पदवीची कागदपत्रं तपासली जातात. प्रवेशपत्राची वाट न बघता आधीच अर्ज करा.

🔹 ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाची रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. तिथे गेल्यावर त्यातूनच दरमहा ९९२ युरो मिळतात.

🔹 कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन शिकाच. पार्टटाइम काम, घर, डॉक्टर, सगळीकडे उपयोगी पडते. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे वर्ग चालतात.

पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच तयारीला लागा!