मरळीच्या डोळ्यांनी रंग बघताना

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या रंगखान्यात माझी एकतीस वर्षं सूत रंगवण्यात गेली. चादरीचं, टॉवेलचं. व्यापारी रात्री ट्यूबलाइटखाली शेड पास करायचा आणि सकाळी तणतणत यायचा, "मास्तर, मरून सांगितला होता, हा तर तपकिरी निघाला." सूत तेच, रंग तोच, फक्त उजेड बदललेला. तेव्हापासून आमच्याकडे नियम पडला: शेड बघायची ती दारात, उन्हात, आणि सूत वाळल्यावर. ओलं सूत नेहमी गडदच दिसतं.

हाच नियम गळालाही लागू आहे, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

सुट्टीच्या दिवशी मी तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याला जातो. कागदोपत्री त्याचं नाव एकरूख तलाव. अदिला नदी अडवून इंग्रजांनी तो १८७१ साली पुरा केला. कटला, रोहू धरायचे तर कणकेचा गोळा पुरतो. ते वासावर येतात. रंगाची भानगड सुरू होते ती मरळीपाशी. मरळ शिकारी. बेडूक, बारकी मासळी, जे हलेल त्यावर झडप. म्हणून तिच्यासाठी गळाला रबरी बेडूक लावतात. दुकानात त्याला लूर म्हणतात. माझा पहिला लूर पोपटी होता, इतका सुंदर की मीच गळाला लागलो. मरळ मात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघेना.

मग मोबाईलवर कुणाचा तरी समुद्रातला व्हिडिओ बघून मी तो निळा करायला घेतला. मुलीचं नेलपॉलिश फासलं. आठ दिवस झाले तरी ते वाळेना. बेडूक चिकट तो चिकटच. मऊ रबरासारखं प्लॅस्टिक मऊ ठेवायला त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि वरचा रंग धरू देत नाही. एकतीस वर्षं रंगात हात बुडवलेल्या माणसानं आधी कापड बघायचं सोडून रंग बघितला. लाज वाटली.

आणि निळाच का चुकला? स्वच्छ, खोल पाण्यात लाल उजेड सगळ्यात आधी विझतो. काही मीटर खाली लाल वस्तू काळपट दिसते. निळा सर्वांत खोल पोचतो, म्हणून समुद्र निळा. पण आमचा तलाव म्हणजे समुद्र नव्हे. काळ्या रानातून वाहून आलेला गाळ, कुजलेला पाला, शेवाळ. असलं पाणी निळा उजेड आधी गिळतं. पिवळा, नारिंगी, लाल त्यामानानं पुढं जातात. समुद्रावरचं शहाणपण हिप्परग्यात उलटं पडतं ते यामुळे.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी दोरीनं शिकलो. तंगुसाला वितीवितीवर रंगीत सुताचे तुकडे बांधले, खाली खडा लावला आणि काठावरून सोडलं. निळा आणि जांभळा आधी दिसेनासे झाले, भडक पिवळा शेवटपर्यंत टिकला. सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्यानं १८६५ साली पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठं दिसेनाशी होते ते मोजलं होतं. पाण्याचा गढूळपणा मोजायला ती तबकडी आजही वापरतात. माझी दोरी म्हणजे तिचीच सोलापुरी बहीण.

तरीही एक पेच उरतो. मी वरून बघतो, मरळ खालून. खालून तिला आभाळाच्या उजेडावर बेडकाची सावली दिसते. म्हणजे तरंगत्या बेडकाची पाठ कोणत्याही रंगाची असो, तिला काय त्याचं? पाठीचा रंग माझ्यासाठी! म्हणून माझ्या बेडकाची पाठ आता भडक पिवळी असते, मला लांबून दिसावी म्हणून, आणि पोट काळं. पहाटे आणि ढगाळ दिवशी काळ्याची सावली ठसठशीत पडते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बास नावाच्या शिकारी माशाला रंग ओळखायला शिकवून बघितलं. लाल आणि हिरवा तो छान ओळखतो. पण भडक पिवळा आणि पांढरा, किंवा निळा आणि काळा यांत त्याची गफलत होते. मरळीचे डोळे बासचे नव्हेत, तरी निळ्यावर पैसे घालण्याआधी मी हे आठवतो.

चमकणारा, ज्याला बाजारात रेडियम रंग म्हणतात, तो वापरायचा तर आधी पांढरा हात द्या. त्यात रेडियम नसतं. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण घेऊन तो दिसणारा उजेड परत टाकतो. पांढऱ्या कपड्याला टिनोपॉल लावतात, तीच करामत. काळपट अस्तरावर मारलात तर तो मेलाच. आम्ही फिक्या शेडसाठी सूत आधी ब्लीच करतो ते उगाच नाही.

लाकडी किंवा टणक प्लॅस्टिकच्या लूरवर खवले हवे असतील तर मच्छरदाणीचा तुकडा घट्ट ताणून वरून स्प्रे मारा. जाळी काढली की खवले तयार.

आणि पिसं. यात मला खरी मजा येते. पितळी चकतीमागं पिसाचा झुबका लावला की पाण्यात तो श्वास घेतल्यासारखा हलतो. चिकनच्या दुकानात पिसं फुकट मिळतात. सुताचा रंग त्यांना चालत नाही. पीस म्हणजे लोकर-रेशमाच्या जातीचं, त्याला ॲसिड डाय लागतो. आधी साबणानं तेल काढायचं, मग चटका बसेल इतक्या गरम पाण्यात चिमूटभर रंग, पिसं बुडाली की दोन चमचे व्हिनेगर. उकळू द्यायचं नाही. थोड्या वेळानं पाणी निवळतं. सगळा रंग पिसात गेलेला असतो. हे इतक्या वेळा बघितलंय, तरी अजून भांड्यापाशी थांबतो.

ही हौस नवी नाही. आपल्याजवळच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहिला. त्यात गळानं मासे धरण्यावर अख्खं प्रकरण आहे, कोणत्या माशाला कोणतं आमिष इथपर्यंत. आणि फिनलंडच्या लौरी रापालानं १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरून त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. पुढं त्याची जगभर चालणारी कंपनी झाली. सुरुवात मात्र घरातल्या भंगारातूनच झाली होती.

कुठल्याही तलावावर जाण्याआधी ठेका कोणत्या सोसायटीकडे आहे ते विचारा आणि परवानगी घ्या. आणि पावसाळ्यात पाण्यावर तांबूस-केशरी बारक्या पिलांचा पुंजका वळवळताना दिसला, तर त्यावर बेडूक टाकू नका. खाली मरळ राखण करत असते. ती भुकेनं नाही, पिलांसाठी झडप घालते. तिला उचललं की बाकीचे मासे तो पुंजका फस्त करतात.