सीएनजीवर झटके, पेट्रोलवर ठीक? प्लग विकण्याआधी प्लग वायर तपासा

या आठवड्याचा व्हिडिओ प्लग वायरवर आहे. व्हिडिओत हाताचं काम दिसतं, पण आकडे आणि कारणं पटकन निघून जातात, म्हणून ती इथे लिहून देतोय. तुम्ही स्पेअर पार्टचं दुकान किंवा छोटं गॅरेज टाकायच्या विचारात असाल तर हा पार्ट नीट समजून घ्या. कारण गिऱ्हाईक जे मागतं आणि गाडीला जे लागतं, यात फरक कसा पडतो ते इथे स्वच्छ दिसतं.

आमच्या शिरवण्यात हायवेच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. जून लागला की काउंटरवर एक वाक्य ठरलेलं असतं: "दादा, गाडी मिसिंग करते, प्लग द्या." पुढे विचारलं की कळतं, पेट्रोलवर बरी चालते, सीएनजीवर टाकली की चढावर झटके देते. मग तो किटवाल्याकडे जाऊन आलेला असतो, ट्यूनिंगचे पैसे भरलेले असतात, फिल्टरही बदललेला असतो. आणि दोष असतो हातभर लांबीच्या एका वायरमध्ये!

आता बघा, काम काय चालतं. बॅटरी देते १२ व्होल्ट. इग्निशन कॉइल त्याचे २० ते ३० हजार व्होल्ट करते, आणि तो दाब प्लगपर्यंत नेते ती प्लग वायर. कोणी एचटी लीड म्हणतं, कोणी प्लग केबल. बहुतेक वायरींच्या आत तांब्याची तार नसते, कार्बन भरलेला दोरा असतो. तो मुद्दाम थोडा विरोध देतो, नाहीतर गाडीतल्या रेडिओत खरखर येईल आणि इंजिनच्या कंप्युटरलाही त्रास होईल. बाहेर जाड रबर किंवा सिलिकॉनचं कवच. वीज आळशी असते, सोपी वाट मिळाली की तिकडे वळते. कवचाला बारीक तडा गेला आणि वर पावसाचा ओलावा बसला, की ठिणगी प्लगमध्ये पडायच्या ऐवजी शेजारच्या इंजिनच्या धातूवर उडी मारते. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतंच. वर आपल्याकडची दमट हवा, प्रेशरने केलेलं इंजिन वॉशिंग आणि उंदीर. हसू नका, पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी माझ्या टेबलावर नेहमी येतात.

मग सीएनजीवरच का? सिलिंडरमधल्या गॅस-हवेच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. अर्धवट थकलेली वायर पेट्रोलवर कशीबशी निभावते, गॅसवर तिचं पितळ उघडं पडतं. चढावर, भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये तर आणखी. म्हणून हे लक्षण ऐकलं की किटला शिव्या घालण्याआधी प्लग आणि वायर तपासायला सांगा. प्लगचा गॅपही बघा, कारण सीएनजीसाठी तो बहुधा कमी ठेवतात. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजपंचे नको.

तपासायला मोठं मशीन लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, रेंज २०० किलो-ओहमवर ठेवा. इंजिन बंद आणि थंड. वायर काढून दोन्ही टोकांना प्रोब लावा. लांब वायरचं रीडिंग जास्त येणार, हे साहजिक आहे. म्हणून आकडा लांबीच्या हिशोबाने आणि बाकीच्या वायरींशी तुलना करून वाचायचा. समजा एक ६ दाखवते, दुसरी ८ आणि तिसरी ३०, तर चोर सापडला. रीडिंग घेताना वायर हळूच वाकवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर दोरा आतून तुटलाय. मीटरने काहीच दाखवलं नाही तर प्रश्नच मिटला.

पण एक गोष्ट मीटरला कळत नाही: कवचातून होणारी गळती. त्यासाठी संध्याकाळी अंधार पडल्यावर उघड्यावर गाडी चालू करा आणि इस्त्रीच्या पाण्याच्या बाटलीने वायरींवर अगदी बारीक फवारा मारा. निळी ठिणगी दिसते, टकटक ऐकू येते. शटर खाली ओढून अंधार करू नका, धुराने जीव जाईल. पेट्रोलचा किंवा गॅसचा जरासाही वास असेल तर ही चाचणी करायचीच नाही. चालू इंजिनच्या वायरींना हात लावायचा नाही, आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाला तिथून लांब ठेवा.

जुने मिस्त्री चालू गाडीत एकेक वायर उपटून "हा सिलिंडर मेलाय" असं सांगायचे. प्रीमियर पद्मिनीच्या काळात ते खपून गेलं. आता इंजेक्शनच्या गाडीत तसं केलं तर शॉक बसतो, कॉइल जाऊ शकते आणि न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. त्याऐवजी ओबीडी स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचा. मात्र कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. संशय असलेली वायर तशीच दुसरी, सारख्या लांबीची मिळाली तर बदलून लावा आणि दोष जागा बदलतो का ते बघा. सँट्रोसारख्या गाडीत एक कॉइल दोन सिलिंडरना पुरवते, त्यामुळे एक वायर तुटली तर दोन्ही सिलिंडर रडू शकतात, हेही डोक्यात ठेवा.

कन्व्हर्टरचा विषय गिऱ्हाईकाला नक्की समजावा. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. मिसफायर चालू ठेवून गाडी पळवली की न जळलेलं इंधन त्यात जाऊन जळतं, तो लालभडक तापतो आणि आतून वितळतो. त्याच्या किमतीपुढे वायरचा सेट म्हणजे चहापाणी. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, वेग कमी करून गाडी बाजूला घ्यायची.

बदलताना एका वेळी एकच वायर काढा. सगळ्या एकदम काढल्या की क्रम चुकतो आणि गाडी फटाके फोडते. मारुती ८०० चा फायरिंग ऑर्डर १-३-२, चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचा १-३-४-२. ओढताना वायर धरू नका, रबरी टोपी धरून थोडी फिरवा आणि मग काढा. प्लगच्या खोबणीत पाणी किंवा तेल असेल तर आधी ते पुसा. तेल असेल तर गॅस्केट गळतंय, नवी वायरही लवकर कुजेल. टोपीच्या आत जरासं सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, साधं ग्रीस नको. टोपी बसल्याचा 'टक' हाताला जाणवला पाहिजे. शेवटी वायरी जुन्या क्लिपांत अडकवा, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकता कामा नयेत.

आता धंद्याचं बोलू. एक वायर खराब निघाली तरी मी सेटच सुचवतो, कारण चारही एकाच वयाच्या असतात. पण गिऱ्हाईकाचं बजेट नसेल आणि सुटी वायर मिळत असेल तर तीच देतो, आणि बिलावर तसं लिहितो. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आधी सांगून घ्या. समजा १५० रुपये. तपासणी फुकट ठेवली की तुमचा डोळा आपोआप पार्ट विकण्याकडे वळतो, आणि हे गिऱ्हाईकाला तुमच्याआधी कळतं. जुनी वायर मीटर लावून त्याच्या समोर दाखवा, मग त्याच्याच हातात द्या.

मात्र या पार्टात भांडवल फार अडकवू नका. नव्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कॉइल थेट प्लगवर बसते, वायरच नसते. मारुती ८०० बंद झाली २०१४ साली. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, म्हणून गिऱ्हाईक अजून आहे, पण दरवर्षी कमी होणार. तुमच्या भागात आठवडाभर उभं राहून जुन्या गाड्या मोजा. जी दोन-तीन मॉडेल जास्त दिसतील त्यांचे एकेक-दोन सेट मेच्या शेवटी भरा, बाकी ऑर्डरवर. ऑर्डर घेताना मॉडेलचं नाव पुरत नाही, एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. आरसीवरचं वर्ष आणि इंजिन नंबर घ्या, जुन्या सेटचा फोटो मागवा, वायरी मोजा. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ला तीन प्लगच्या आणि एक कॉइलची, अशा चार वायरी लागतात. सेट उघडून मोजल्याशिवाय होलसेलरच्या काउंटरवरून हलू नका.