खेळातल्या शहराचे कायदे

सुट्टीच्या दिवसांत घरोघरी एक तक्रार ऐकू येते: पोरगा कॉम्प्युटरसमोरून हलत नाही. तक्रार रास्त आहे. पण 'काय खेळतोस रे?' हा प्रश्न फार थोड्या घरांत विचारला जातो. गोळ्या झाडण्याचे, मोटारी पळवण्याचे खेळ आपल्याला निदान ऐकून माहीत असतात. त्याच कपाटात एक वेगळ्या जातीचा खेळही असतो. त्यात शहर वसवायचे आणि मग ते चालवायचे. रस्ते, पाणी, वीज, कर हे झालेच. शिवाय लोकांची नाराजी, निवडणूक, कायदे आणि विरोधकही सांभाळायचे.

मी तीस वर्षे हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवले. शेजारच्या कन्नड वर्गात त्याच विषयाला पौरनीती म्हणत. त्यामुळे या खेळांबद्दल मला कुतूहल वाटले. माझा भाचा पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बहिणीशी मराठीत आणि वडिलांशी कन्नडमध्ये बोलणारा हा मुलगा असे खेळ आवडीने खेळतो. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

सुरुवात एका शिक्षिकेपासून

राज्य चालवण्याचा कॉम्प्युटरवरचा पहिला खेळ एका शाळामास्तरणीने लिहिला, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. मेबल अॅडिस या अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या प्राथमिक शिक्षिका. १९६४ साली आयबीएम कंपनीच्या मदतीने मुलांना इतिहास शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. त्यासाठी त्यांनी 'द सुमेरियन गेम' हा खेळ लिहिला. मुलाने प्राचीन सुमेरमधल्या लगाश नगरीचा राजा व्हायचे. हंगामात इतके धान्य आले. त्यातले लोकांना खायला किती, बियाणाला किती आणि कोठारात किती, हे ठरवून कळवायचे. परिणाम टंकयंत्रासारख्या यंत्रावर छापून यायचा. चित्रे नाहीत, रंग नाहीत. पण खायला जास्त वाटले तर पेरायला उरत नाही आणि पेरायला जास्त ठेवले तर माणसे उपाशी मरतात, हा धडा सहावीतल्या मुलांना त्या कागदावरून मिळत होता.

अंदाजपत्रकाला कन्नडमध्ये 'आयव्यय' म्हणतात. मला हा शब्द आवडतो. आय म्हणजे आलेले, व्यय म्हणजे गेलेले. त्यात लपवाछपवी नाही. मेबलबाईंचा खेळ म्हणजे शुद्ध आयव्ययच होता.

माणसे नसलेले शहर

या प्रकाराला जगभर लोकप्रिय केले ते १९८९ साली आलेल्या 'सिमसिटी'ने. विल राइट हा त्याचा कर्ता. त्याआधी त्याने हेलिकॉप्टरमधून बाँब टाकण्याचा एक खेळ बनवला होता. त्या खेळासाठी बेटे आणि इमारती रचताना, त्या पाडण्यापेक्षा रचण्यातच आपल्याला जास्त मजा येते असे त्याच्या लक्षात आले. त्यातून 'सिमसिटी' जन्मली. खेळणारा महापौर. घरांसाठी, बाजारासाठी, कारखान्यांसाठी जमीन आखून द्यायची, रस्ते आणि विजेच्या तारा ओढायच्या, कराचा दर ठरवायचा. जिंकणे-हरणे असे ठरीव काही नाही, म्हणून सुरुवातीला हा खेळ बाजारात आणायला प्रकाशक तयार नव्हते.

पण या शहराचे नियम आले कुठून? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६९ साली 'अर्बन डायनॅमिक्स' हे पुस्तक लिहिले. शहराचा जीवनक्रम समीकरणांत मांडून तो कॉम्प्युटरवर चालवून पाहण्याचा तो प्रयत्न होता. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराची अवस्था आणखी बिघडते, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि त्यावर मोठा वाद झाला. टीकाकारांचे म्हणणे असे, की समीकरणांत जे घातलेत तेच बाहेर आले; शहराच्या हद्दीबाहेरची उपनगरे तर तुम्ही धरलीच नाहीत. राइटने याच पुस्तकापासून प्रेरणा घेतली होती.

म्हणून 'सिमसिटी' खेळताना मुलगा नकळत काही गृहीतके शिकतो. कर वाढवला की लोक निघून जातात. गुन्हे वाढले की पोलीस ठाणे बांधायचे. ही गृहीतके खरी की खोटी, हा वादाचा विषय आहे. पण खेळ ती वादाला ठेवत नाही. निसर्गनियमासारखी समोर मांडतो.

मत असलेली माणसे

'सिमसिटी'त माणूस आकड्यापुरता होता. २००१ साली आलेल्या 'ट्रॉपिको'ने त्याला मत दिले. मराठीत मत म्हणजे विचारही आणि मतपेटीत पडते तेही. कन्नडमध्ये विचाराला 'अभिप्राय' आणि मतपेटीतल्याला 'मत' असे दोन शब्द आहेत. 'ट्रॉपिको'तल्या माणसाकडे हे दोन्ही असते.

कॅरिबियन समुद्रातले एक छोटे बेट, शीतयुद्धाचा काळ आणि खेळणारा त्या बेटाचा अध्यक्ष. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे रशिया. दोघांनाही खूश ठेवायचे. कोणत्याही बेटवासीयावर माऊस टेकवला की त्याचे घर, नोकरी, भूक, देवधर्म आणि राजकीय कल सगळे दिसते. साम्यवादी, भांडवलवादी, लष्करवाले, धार्मिक, पर्यावरणवादी असे गट असतात. एकाला खूश केले की दुसरा रुसतो. निवडणूक जवळ आली की अध्यक्षाला मते मोजता येतात, आणि मतांत गडबडही करता येते. सरकारी पैसा स्वतःच्या स्विस बँकेतल्या खात्यात वळवता येतो. मार्शल लॉ पुकारून निवडणूकच टाळता येते. फार छळले तर माणसे जंगलात जाऊन बंडखोर होतात.

हे सगळे विनोदी अंगाने रंगवले आहे, मागे झकास संगीत वाजत असते. पण विनोद कुणाला तरी झोंबतोच. थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ट्रॉपिको ५'च्या विक्रीला तिथे मनाई झाली. लष्करशहावरचा खेळ लष्करी राजवटीला हसण्यावारी नेता आला नाही.

कायद्याचे पुस्तक आणि आमची आई

या मालिकेतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा खेळ म्हणजे पोलंडमधल्या ११ बिट स्टुडिओजने २०१८ साली काढलेला 'फ्रॉस्टपंक'. तो लहान मुलांचा नव्हे, हे आधीच सांगते. एकोणिसाव्या शतकाचा शेवट, सारी पृथ्वी बर्फाने गोठलेली. एका प्रचंड कोळशाच्या भट्टीभोवती ८० माणसे जमली आहेत आणि त्यांत मुलेही आहेत. खेळणारा त्यांचा प्रमुख. त्याच्या हाती कायद्याचे पुस्तक. एकेक कायदा निवडायचा आणि सही करायची. अन्न पुरवण्यासाठी पातळ सूप द्यायचे की लाकडाचा भुसा मिसळायचा? अडीनडीला मजुरांची पाळी सलग २४ तासांची करायची का? पडद्यावर दोन पट्ट्या: एक आशेची, एक नाराजीची. आशा संपली किंवा नाराजी काठोकाठ भरली तर प्रमुखाला लोक हाकलून देतात.

अगदी सुरुवातीच्या कायद्यांतला एक मुलांबद्दलचा. त्यांना कामाला लावायचे, की त्यांच्यासाठी आश्रयघर बांधायचे? एक निवडले की दुसरे बंद. भाच्याने कामाचा कायदा निवडला. कोळसा कमी पडत होता आणि हात हवे होते. आमची आई तिथेच पलंगावर बसून शेंगा सोलत होती. तिने विचारले, ही पोरे काय करतात? भाच्याने सांगितले, "आज्जी, हलकी कामं फक्त. धोक्याची नाहीत."

आई म्हणाली, "आमचं बी हलकंच हुतं की. बसून करायचं. पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा."

आईचे माहेर निपाणी. तंबाखूच्या त्या पेठेत ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून विड्या वळत होती. ती रागावली नाही, उपदेशही केला नाही. शेंगा सोलता सोलता एवढेच म्हणाली, "शाळंची येळ तेवढी गेली."

भाचा काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने खेळ पहिल्यापासून मांडला आणि या वेळी आश्रयघराचा कायदा निवडला. सुरुवातीला कोळशाची फार ओढाताण झाली. पुढे याच मुलांना डॉक्टरांच्या किंवा इंजिनिअरांच्या हाताखाली शिकू देण्याचा कायदा करता येतो, तोही त्याने केला. शहर कसेबसे तगले. मग त्याने मला विचारले, "मावशी, या खेळात आज्जीच्या शाळेची पट्टी कुठंय?"

पट्टी नाही. आशा मोजली जाते, नाराजी मोजली जाते, कोळसा आणि अन्न मोजले जाते. मुलाची गेलेली वर्षे कुठेच मोजली जात नाहीत. कर्त्यांनी शेवटी केलेल्या कायद्यांची यादी दाखवून, हे सारे करणे योग्य होते का, असा प्रश्न खेळणाऱ्याला टाकला आहे. हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. पण उत्तराची सामग्री घरातूनच यावी लागते.

सभागृहातले शंभर जण

२०२४ साली आलेल्या 'फ्रॉस्टपंक २'मध्ये प्रमुखाची एकहाती सत्ता गेली. आता शंभर प्रतिनिधींचे सभागृह आहे. साधा कायदा मंजूर व्हायला ५१ मते लागतात. मते कमी पडली तर एखाद्या गटाशी बोलणी करायची, त्यांचा आवडता कायदा पुढच्या बैठकीत आणण्याचे वचन द्यायचे. वचन मोडले की तो गट उलटतो. भाच्याची चिडचिड झाली. "आधीचा खेळ बरा होता, सही केली की काम व्हायचं," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर त्याच्या वडिलांची आणि त्याची तासभर कन्नडमध्ये चर्चा रंगली. भराभर होणारे काम चांगलेच असते का, आणि ५१ जणांना पटवण्यात गेलेला वेळ वाया गेला का? माझ्या वर्गात या विषयावर इतकी रंगलेली चर्चा मला क्वचितच ऐकायला मिळाली असेल.

खेळ आणि खरे शहर यांत अंतर आहेच. 'सिमसिटी'तला महापौर सर्वाधिकारी आणि अमर. आपल्या बेळगावात महापौर एका वर्षासाठी निवडला जातो आणि प्रशासन आयुक्तांच्या हाती असते. २०२१च्या महापालिका निवडणुकीत ५८ प्रभाग होते. म्हणजे ५८ जणांनी एकत्र बसून ठरवायचे. शिवाय खेळात आपण नेहमी खुर्चीवर असतो. नळाला पाणी न आलेल्या गल्लीत घागर घेऊन उभे राहण्याची भूमिका या खेळांत मिळत नाही.

म्हणून पालकांना एवढेच सुचवते. मूल असा खेळ खेळत असेल तर तासभर शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. हा नियम कुणी केला? यात काय मोजले जाते आणि काय नाही? ज्याच्यासाठी हा निर्णय घेतलास, त्याला विचारलेस का? उत्तर मराठीत येवो की कन्नडमध्ये, ते नागरिकशास्त्राचेच असेल.

ज्या १९८९ साली 'सिमसिटी' आली, त्याच वर्षी आपल्या देशात मतदानाचे वय २१वरून १८वर आले. भाचा आता सतराचा आहे. २०२२पासून सतरा पूर्ण झालेल्यांना मतदारयादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. त्यासाठी लागणारा नमुना ६ त्याच्या वडिलांनी परवा आणून टेबलावर ठेवला आहे. तो भरताना आज्जी शेजारी बसणार आहे.