पदक विकत घ्याल, तेव्हा डबीही पाहा

जुन्या जर्मन लष्करी पदकांच्या बाजारात नकली माल फार. त्यातून वाट काढायची तर पदकाइतकीच त्याची डबी पाहावी लागते. ‘आयर्न क्रॉस’ १८१३ साली प्रशियाच्या राजाने नेपोलियनविरुद्धच्या युद्धात सुरू केला. १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि त्या त्या वेळी ते साल खालच्या बाहूवर आले. आत काळे लोखंड, भोवती चांदीची चौकट. चुंबक चिकटतो का ते सगळे पाहतात. डबी उलटून पाहणारे थोडे. १९३९ चा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस सहसा कागदी पाकिटात मिळे, पहिल्या वर्गाचा डबीत. म्हणून दुसऱ्या वर्गाचे पदक भारी डबीत दिसले, तर विक्रेत्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

आपल्या इतिहासाशी थेट नाते सांगणारे पदक मात्र वेगळे आहे. सुभाषचंद्र बोस यांनी १९४२ मध्ये जर्मनीत आझाद हिंदची पदके सुरू केली : शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांतून उभ्या राहिलेल्या तुकडीसाठी ती होती. लढणाऱ्यांच्या पदकावर तलवारी असत. घडवली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सुव्हाल या कारखान्याने, आणि खरी अडचण इथेच आहे. युद्ध संपल्यावरही या कारखान्यातून संग्राहकांसाठी पदके निघत राहिली. साचा तोच, घडण तीच. मग युद्धकाळातले कोणते, हे धातूवरून ठरवणे कठीण होते. अशा वेळी डबी, पत्र, फोटो, कुटुंबाची नोंद हेच खरे पुरावे. बर्लिनमध्ये नेताजींबरोबर काम केलेल्या एन. जी. गणपुले यांनी आठवणींचे पुस्तक लिहून ठेवले, हे आपले भाग्यच.

गोव्यातही दुसऱ्या महायुद्धाचा एक धागा आहे. आमोणे गावाहून मांडवी नदीतून खनिजाच्या बार्जी ज्या मुरगावला जात, त्याच बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर हल्ला झाला. गोवा तेव्हा पोर्तुगालकडे आणि पोर्तुगाल तटस्थ; हल्ला गुप्त ठेवावा लागला, त्यामुळे तो करणाऱ्या कलकत्त्याच्या ब्रिटिश स्वयंसेवकांना पदकेही मिळाली नाहीत.

असे पदक आणि त्याची डबी आमोण्यासारख्या नदीकाठच्या गावात सांभाळायची, तर पावसाळा हाच मोठा वैरी. मखमलीवर बुरशी येते, पुठ्ठा फुगतो, लोखंडी गाभा गंजतो. मातीच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात डबी ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. पदक ब्रासोने घासू नका. काळा थर गेला की मोल गेले. शंभर वर्षांहून जुने पदक परदेशी पाठवण्याआधी १९७२ चा पुरावशेष कायदा वाचा.

घरात असे पदक असेल तर ते डबीतून वेगळे करून विकू नका. कुणाचे होते, कुठून आले, हे आजच कागदावर लिहून त्या डबीतच ठेवा.