लहान विमानाला लहान धावपट्टी

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रिक्षावाल्याला ‘विमानतळ’ म्हटलं की तो देवनहळ्ळीचा रस्ता धरतो. त्याच वाटेवर हेब्बाळ ओलांडलं की जक्कूरची लहान धावपट्टी लागते. इथली सरकारी वैमानिक प्रशिक्षण शाळा १९४८ची.

सेस्ना १७२सारखं चार आसनी विमान ताशी साधारण १०० किलोमीटर वेगाने टेकतं, मोठं जेट २५०च्या आसपास. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग अडीचपट, तर अंतर ढोबळमानाने सहापट! म्हणून जक्कूरला किलोमीटरभराची धावपट्टी पुरते. मात्र बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंच. हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल कमी, पंख्याची ओढ कमी आणि इंजिनही दमतं. मुंबईच्या जुहूच्या धावपट्टीपेक्षा इथे उड्डाणाआधी जास्त धावावं लागतं. एप्रिलच्या दुपारी तर आणखीच.

बेळगावकरांना लहान विमानाचं मोल वेगळं सांगायला नको. तिथल्या सांबरा विमानतळावरून ५० आसनी विमानं सुरू झाली आणि बंगळुरूचा रात्रभराचा बसप्रवास तास-सव्वातासावर आला.

जक्कूरचं मात्र उलट झालं. मोठ्या विमानतळाकडे जाणारा उन्नत मार्ग शेजारून गेला आणि धावपट्टीचा वापरता येणारा भाग आखडला. पूल आखतानाच याचा विचार व्हायला हवा होता.